हात न लावलेली कळी

३ फेब्रुवारी

जिंकलो! हॉस्पिटलात खाटेशेजारी जो टचस्क्रीनचा पडदा लावायचाय, त्याची चाचणी झाली. ‘सिस्टरला बोलवा’ हे मी केलेलं बटण म्हाताऱ्यांनासुद्धा झटक्यात सापडलं. प्रज्वल — आमचा साहेब, कौतुकात महाकंजूष — म्हणाला, “चैत्रा, आज पोटभर जेव.” दोन प्लेट बिसिबेळे भात हाणला. मग तुमकूरला अप्पांना फोन. अम्मा गेल्यापासून एकटेच असतात. “कसे आहात?” “मजेत.” नेहमीचंच.

१२ फेब्रुवारी

तोंडावर आपटले. पडदे लागल्यापासून एकाही पेशंटनं बटण दाबलेलं नाही. त्यातल्याच रुद्रम्मा अज्जी एकट्याच संडासला निघाल्या आणि पडल्या. नशीब, हाड मोडलं नाही. हॉस्पिटलवाले म्हणतात, तुमचे पडदे काढून न्या. प्रज्वलचा उपाय — बटण मोठं कर. लाल कर.

१३ फेब्रुवारी

अज्जींपाशी जाऊन बसले. बटण दिसलं नाही का, विचारलं.

“दिसलं की. पण ती लिसम्मा सिस्टर नुकती डबा उघडून बसली होती. भरल्या घासावरून कशाला उठवायचं पोरीला?”

शेजारच्या दोन्ही खाटांवर माना हलल्या. आणि चाचणीत आम्ही काय केलं? दाबा म्हटलं, त्यांनी दाबलं. डोकं गहाण ठेवलं होतं मी.

१४ फेब्रुवारी

सुचलं! बटण राहू दे कोपऱ्यात. विचारायचं पडद्यानंच. दिवसा थोड्या थोड्या वेळानं मोगऱ्याची कळी येईल. बोट लावलं की फुलेल — म्हणजे बरं चाललंय. नाही लावलं, तर सिस्टर येईल.

प्रज्वल म्हणाला, “आजाऱ्यांना खेळणी देतेस?” म्हटलं, आठवडाभर थांबा. नाहीच जमलं तर पडदे मी माझ्या हातानं उतरवते.

२१ फेब्रुवारी

अज्जींनी कळीला हात लावला नाही! नुसत्या बघत पडून राहिल्या. लिसम्मा आली. “काय हवं, अज्जी?”

“काही नाही गं. आलीसच आहेस तर जरा संडासापर्यंत चल.”

मी दाराशी उभी. रडूच आलं मला. बाकीचे तर कळी दिसताच बोट टेकवतात — सिस्टरला उगाच खेप नको म्हणून. इतके दिवस जी भीड आडवी येत होती, तीच आता आमचं काम करतेय.

२ मार्च

सगळ्या मजल्यांवर आमचे पडदे! प्रज्वल सगळ्यांदेखत म्हणाला, “माझं चुकलं होतं.” कान तृप्त झाले.

रविवारी तुमकूरला जाऊन आले. अप्पांच्या फोनवरही कळी टाकली, रोज सकाळी एक. “ही काय थेरं?” म्हणाले. पण बोट लावतात, न चुकता.

१० मार्च

अप्पांनी कळीला हात लावला नाही. फोनही उचलेनात. मिळेल ती बस पकडली. दार उघडंच होतं. अप्पा खुर्चीत, धडधाकट, पेपर वाचत. आत दोन ताटं मांडलेली.

“काय झालं, अप्पा?”

“काही नाही. आलीसच आहेस तर दोन दिवस राहा.”