पांढऱ्या कुत्रीचं भुंकणं

आप्पा,

माझ्या ताथवड्याच्या फ्लॅटमध्ये गेल्या महिन्यापासून एक पांढरी कुत्री आहे. आपल्या भोसरीच्या कुत्रीसारखीच: टोकदार कान, काळंभोर नाक, पाठीवर वळलेली झुपकेदार शेपूट. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, लोक हिला पॉमेरेनियन म्हणतात, पण ही इंडियन स्पिट्झ, आपल्याकडच्या हवेत रुळलेली जात. मग ते निगा कशी राखायची ते सांगू लागले आणि मी नुसती मान हलवत राहिले, कारण त्यातलं बरंचसं मी तुमच्या हाताकडे बघून शिकले होते. केस मुळापासून विंचरायचे, वरवर नाही. गुंता आधी होतो तो कानामागे आणि काखेत. सारखी आंघोळ नको, आणि घातलीच तर आतले मऊ केस कोरडे होईपर्यंत पुसायचं. गोड द्यायचं नाही, दात लवकर किडतात. शेवटी ते म्हणाले, "आणि भुंकते फार, हे आधीच सांगतो." तेही मला माहीत होतं.

तुम्ही भोसरीची कुत्री आणलीत तेव्हा मी नववीत होते. कंपनीतल्या एका साहेबांची बदली झाली आणि तुम्ही त्यांच्याकडून तिला पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून घरी घेऊन आलात. आई म्हणाली, "एका खोलीत आपण तिघं, त्यात हिला कुठं ठेवायची?" तुम्ही म्हणालात, "मूठभर तर हाय. कुठंबी मावती." गुरुवारी सुट्टी असायची. त्या दिवशी सकाळी तुम्ही दारात पोतं अंथरायचात, तिला मांडीवर उताणी घ्यायचात आणि पोटाकडचे केस बोटांनी बाजूला करून थराथराने विंचरायचात. कंपनीत प्रेस मशीनवर पत्रा सरकवणारे ते जाड हात इतके हलके कसे पडायचे, मला कळायचं नाही. एका एप्रिलमध्ये ती जीभ काढून धापा टाकत होती म्हणून मी आईची कात्री घेतली. पाठीवरचा एक पट्टा कापून झाला होता, तेवढ्यात तुम्ही पहिल्या शिफ्टवरून आलात. "काय करायलीस?" एवढंच म्हणालात, पण आवाज असा की कात्री हातातून पडली. मग शांतपणे सांगितलंत, की तिचे केस म्हणजे आपला स्वेटर नव्हे. ते ऊनही अडवतात. कापले तर कातडी भाजते, आणि पुन्हा तसे येतील याचा भरवसा नाही. तिला ओल्या फरशीवर बसवायचं, पाणी द्यायचं, फिरायला ऊन चढायच्या आत न्यायचं. तो पट्टा दिवाळीपर्यंत तसाच खुरटा राहिला.

मी दहावीत गेले त्या वर्षी घरमालकीण दारात आल्या. "तुमचं कुत्रं दिसभर भुकतंया. माज्या सासूला डोळा लागंना. आसं चालायचं न्हाई." त्यांचा जाड आवाज तुम्हाला ऐकू आला. तुम्ही खरोखर गोंधळून म्हणालात, "भुंकती? आमी घरात असताना तर कधी भुंकत न्हाई." आणि त्याच वेळी ती तुमच्या पाठीमागे उभी राहून त्यांच्यावर जिवाच्या आकांताने भुंकत होती. घरमालकीण हसल्या, त्यांना वाटलं तुम्ही थट्टा करताय. मी हसले नाही. दुसऱ्या दिवशी तुमच्यामागे उभी राहून मी कुकरची शिट्टी होऊ दिली, मग तिला चेंडू दाखवून भुंकायला लावलं. तुम्ही पेपर वाचत राहिलात. रस्त्यावरून ट्रक गेला तेव्हा मात्र वर बघितलंत. कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये मशीनच्या आवाजासाठी कानात घालायचे बोळे मिळायचे, ते तुमच्या शर्टाच्या खिशात कोरे करकरीत असायचे. मी समोर येऊन विचारलं तेव्हा तुम्ही पेपरची घडी घातलीत. मग म्हणालात, "बारीक आवाज तेवढे गेलेत. कुणाला सांगू नको. मशीनवरून काढतील." आईलाही नाही, असं तुम्ही बजावलंत, आणि मी हो म्हटलं.

कुत्रीला मात्र सांगावं लागलं नाही. ही जात हुशार, आणि माणसाला चिकटून राहणारी. भुंकून तुम्ही उठत नाही हे तिच्या लक्षात आलं, तेव्हा दारात कोणी आलं की ती तुमच्या गुडघ्यावर पुढचे दोन्ही पाय ठेवू लागली. तुम्हाला त्याचं फार कौतुक. एका संध्याकाळी जेवताना तुम्ही गंमत म्हणून सांगितलंत, की शॉपमध्ये फोर्कलिफ्ट मागे येत होती, तिचा हॉर्न तुम्हाला कळलाच नाही, आणि शेजारच्या प्रेसवरच्या काकांनी कॉलर धरून ओढलं. ते काका आपल्याच तालुक्यातले, सणावाराला आपल्याकडे जेवायला यायचे. आई म्हणाली, "लक्ष कुठं असतंय तुमचं?" तुम्ही हसलात.

दुसऱ्या दिवशी शाळा बुडवून मी कंपनीच्या गेटवर गेले. फोरमनना बोलावून घेतलं आणि सगळं सांगितलं. त्यांनी तुमचं एकट्याचं नाव घेतलं नाही. अख्ख्या शॉपची कानाची तपासणी लावली. त्यात तुमचं कळलं आणि तुम्हाला कंपनीच्या महाळुंग्याच्या गोदामात पाठवलं. ओव्हरटाइम गेला, प्रेसही गेली. नव्या कामाबद्दल तुम्ही घरी एक अक्षर बोलायचा नाहीत. "कुणीतरी चुगली केली," एवढंच म्हणायचात, आणि फोर्कलिफ्टचं त्यांनाच ठाऊक, म्हणून तो कुणीतरी म्हणजे काका, असं तुम्ही ठरवून टाकलंत. त्या दिवाळीला ते फराळाला आले तेव्हा तुम्ही उठून आत गेलात. कुत्री त्यांच्या पायाशी घुटमळत राहिली. मी पाण्याचा तांब्या दिला. ते पाणी पिऊन गेले, ते परत आले नाहीत. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. आधी परीक्षा होती, मग कॉलेज होतं, मग तुम्ही आजारी पडलात.

गेल्या रविवारी एका लग्नात काका भेटले. आता काठी घेऊन चालतात. मी त्यांना बाजूला घेतलं आणि म्हटलं, काका, ते मी सांगितलं होतं. ते म्हणाले, "म्हाईत हाय, बाळा. मी गेटच्या आतच हुतो त्या दिवशी." मी विचारलं, मग आप्पांना का नाही सांगितलंत? "माझ्यावर रागावला तर दोस्त जातो. तुझ्यावर रागावला असता तर घरात कुणाशी बोलला असता?" एवढं बोलून ते जेवायच्या पंगतीकडे वळले.

तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली आणि काका निर्दोष होते हे तुम्हाला कळलं नाही. हे सगळं लिहिलं ते त्यासाठीच, पण आता आणखी एक सांगते. गेटवर जाण्याचा मला आजही पश्चात्ताप होत नाही, पुन्हा वेळ आली तरी मी जाईन. काका पाणी पिऊन उठले, तेव्हा माझं नाव निघालं नाही म्हणून मला आतून हायसं वाटलं होतं. त्याची मात्र लाज वाटते.