फ्लेक्सवरच्या मायलेकी

शनिवार, संध्याकाळ

डोकं फिरलंय. माझ्या मुग्धाला गणितात डॉक्टरेट मिळाली म्हणून समाजाचं मंडळ उद्या तिचा सत्कार करणार. ठीक. पण आज कामतघरच्या नाक्यावर फ्लेक्स लागला, त्यात माझा फोटो परातीएवढा आणि तिचा बशीएवढा. वर ‘गणिती मायलेकी’! मी जन्मभर दहावीला भूमिती शिकवली. तिच्या प्रबंधाचं पहिलं पानही मला कळत नाही.

लेक म्हणाली, “काम माझं, फोटो तुझा. मग सत्कारही तूच घे. मी येत नाही.”

मंडळाच्या अध्यक्षांना, नानाशेठना फोन लावला. म्हणे, “बाई, पोरीला कोन वलखतंय? अर्ध्या गावानी तुमचा मार खाल्लाय.”



कॉलेजात सर सांगायचे, परदेशात एका गणिती बापलेकांना एकच बक्षीस विभागून मिळालं, तर बापाने लेकाला घराबाहेर काढलं. बापाचंच चुकलं. पण इथे बशीएवढ्या फोटोवरून मुलगी रुसली, यात माझं काय चुकलं? मग मलाच का टोचतंय?

शेवटी नानाशेठना बजावलं, “फ्लेक्सवरून माझा फोटो काढून टाका, नाहीतर उद्या मी दिघाशीला बहिणीकडे जाते.” नवा फ्लेक्स छापायला गेलाय.

दिघाशीची धमकी मुग्धाला सांगितली तर म्हणते, “अगं, तू नसलीस तर स्टेजवर मी पाया कुणाच्या पडू?”

म्हणजे मी यायचं, फ्लेक्सवर दिसायचं नाही, आणि पाय तेवढे पुढे करायचे. धन्य आहे! निळी साडी इस्त्री करून ठेवली.