उंदीरमामाला दिलेली प्लेट

नल्लकुंटा, हैदराबाद
रविवार

तीर्थस्वरूप भामाअक्कास,
धाकट्या प्रतापचा नमस्कार.

तुझा गुडघा हल्ली जिन्याशी कसा वागतो आहे? उदगीरच्या डॉक्टरांनी दिलेलं तेल तू लावत नाहीस, हे तुझ्या सुनेकडून कळलं. (सुनंदा चहाडखोर नाही, मीच खोदून विचारलं.) आम्ही इथे सगळे मजेत आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खरं म्हणजे तीन आठवडे आमच्या घरात दातांवरून महाभारत चालू आहे आणि त्यातला शकुनी मी ठरलो आहे. फोनवर सांगितलं असतं, पण आमच्याकडे फोन कायम स्पीकरवर असतो, आणि यातलं काही सगळ्यांदेखत बोलण्यासारखं नाही.

विषय आपल्या प्रियदर्शिनीचा. नात आठ वर्षांची झाली, पुढचे दोन पक्के दात आले, आणि आले ते ऐटीत, ओठांच्या चार पावलं पुढे. अभिजीतने तिला दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, आत्ताच सुरू करा, जबडा वाढतो आहे तोवर वळवाल तसा वळेल, शिवाय पोर धडपडली की पुढे आलेला दात आधी तुटतो. अभिजीतला पटलं. गौरी पडली पुण्याची. एकाच डॉक्टरवर विश्वास ठेवायची त्यांच्या घराण्यात रीत नाही. तिने आबिड्सजवळचे दुसरे गाठले. ते म्हणाले, घाई कसली, सगळे पक्के दात येऊ द्या, बाराव्या वर्षी काय ते एकदाच करू. आत्ता केलंत तरी तेव्हा पुन्हा तारा लागतीलच असं धरून चाला, आणि पोर दोनदा कंटाळेल. गौरीला पटलं. मग नवरा-बायको निवाड्यासाठी माझ्याकडे आले, तर मला दोन्ही डॉक्टर पटले. (तू म्हणशील, याला लहानपणापासून शेवटी बोलेल त्याचंच पटतं.) अखेर सहा महिने काढता-घालता येणारी एक प्लेट लावून बघायची, असं ठरलं. गुलाबी टाळू आणि पुढे एक तार, एवढीशी वस्तू. जेवताना काढायची, तोंड धुऊन पुन्हा घालायची.

आता माझा पराक्रम ऐक. मंगळवारी जेवणं झाल्यावर प्रियूच्या ताटाशेजारी कागदी रुमालाची पुरचुंडी दिसली. तिचा बाजूचा एक दुधाचा दात आठवडाभर हलत होता. पुरचुंडी चाचपली, आत टणक लागलं. उघडून बघितली नाही, कारण पडलेला दात उघडा करून मिरवू नये, असं आपली आई सांगायची. (सांगायची ना? की हे मी मागाहून रचलं?) नातीच्या दाताचं सगळं रीतीने व्हावं म्हणून तडक गच्चीवर गेलो. इथे कौलं कुठली! शेजारच्या खाजाभाईंच्या पत्र्यावर नेम धरला, उंदीरमामाला जुना घे नवा दे असं बजावलं आणि फेकला. आवाज जरा मोठाच आला. दात दणकट आहे म्हणून मी खूशही झालो. खाली येतो तो घरभर प्लेटची शोधाशोध.

खाजाभाई पत्र्यावर चढेपर्यंत ती एका माकडाच्या हाती लागली होती. त्याने ती उलटी-सुलटी तोंडात घालून पाहिली आणि टाकून दिली. खाजाभाईंनी फडक्यात गुंडाळून आणली आणि अगदी गंभीरपणे म्हणाले, “बंदरकू बराबर नै बैठी साब, आपीच रख लेव.” तीन आठवड्यांनी घर हसलं. गौरी हसली, अभिजीत हसला. प्रियूही हसली, पण तोंडावर हात ठेवून.

अक्का, तो हात बघून माझं हसू जागच्या जागी थांबलं. तिला विचारलं, हात कशाला गं? ती म्हणाली, “आजोबा, दात सरळ झाले की मग हसेन ना.”

म्हणजे एका डॉक्टरांच्या हिशेबाने दीड-दोन वर्षांनी, आणि दुसऱ्यांच्या हिशेबाने बारावं उलटल्यावर. प्लेट वाकली आहे. नवी करायची की थांबायचं, ते येत्या शनिवारी ठरेल, आणि जे ठरेल त्याला माझी ना नाही. दोघेही डॉक्टर शहाणे आहेत. पण तोवर पोरीने हसायचं कधी? मला फार वाईट वाटतं आहे.

तेल लाव. मुलांना आशीर्वाद.

तुझा
प्रताप

ता. क. बेगम बाजारातून तुझ्यासाठी जर्दाळू आणले आहेत, पाठवतो. तू मात्र शेंगदाण्याची चिक्की पाठवू नकोस. तेवढ्या एका बाबतीत दोन्ही डॉक्टरांचं एकमत आहे.

आणखी एक. प्रियूचे दात तुझे आहेत. हे इथे कुणाला माहीत नाही, कारण तुझे दात कुणी पाहिलेच नाहीत. तू पदराआड हसतेस, आणि व्हिडिओ कॉलवर आम्हाला तुझं कपाळ आणि वरचा पंखा दिसतो. तो पदर तोंडाशी केव्हा आला, हे मला ठाऊक आहे. परकराचा ओचा होता तेव्हा. तू दहाची, मी सातचा. भर अंगणात मी तुला फावडी म्हटलं आणि गल्लीने ते उचललं. साठ वर्षांत मी कधी माफी मागितली नाही. आज मागतो.

शेवटचं. शनिवारी डॉक्टर काहीही म्हणोत, रविवारी मी प्रियूला शेजारी घेऊन तुला व्हिडिओ कॉल करीन. माकडाची गोष्ट तिच्या तोंडून ऐक, आणि हसू आलं की फोन थोडा खाली धर.