तीन मापांची रबरं

बाई, तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली, आणि अजूनही माझं तुमच्याशी बोलणं तिच्यावरूनच सुरू होतं. विठ्ठलवाडीहून तुमच्याकडे कोपरीला माझ्याबरोबर गाणं शिकायला यायची ती. आता ठाण्यात मोठ्या सोसायटीत राहते, कार्यक्रमांना विमानाने जाते. येत्या रविवारी तुमच्या आठवणीत एक कार्यक्रम ठेवलाय तिने, आणि त्यात शेवटचं गाणं आम्ही दोघी मिळून गाणार आहोत. त्यासाठी मागच्या आठवड्यात तिने मला डोंबिवलीला एक खोका पाठवला. हल्ली मोठ्या स्टेजवर गाणाऱ्यासमोर स्पीकर नसतो. स्वतःचा आवाज ऐकायला कानात घट्ट बसणारे इअरफोन घालतात, ते होते त्यात.

जेवणाच्या टेबलावर मी एकेक वस्तू काढून मांडली. झिपची काळी डबी. कानामागून वळवून घ्यायची पीळदार वायर. मोठ्या मशीनला लावायला जाड पिनेचा एक जोड. मळ काढायला इवलासा ब्रश. आणि प्लास्टिकच्या पुडीत रबराच्या टोप्या, लहान, मध्यम, मोठ्या. सगळ्या घालून पाहिल्या, लहान बसल्या. वस्तू चांगली होती, खोट काढायला जागा नव्हती. मग तिला फोन केला, तर म्हणाली, "माझे जरा वेगळे आहेत गं. कानाचा साचा घेऊन बनवून घेतलेत." म्हणजे तिचे तिच्या मापाचे, आणि माझे कोणाच्याही कानात जावेत असे. फोन ठेवल्यावर मी ती रबरं पुन्हा पुडीत भरली आणि खोका कपाटात मागे ढकलला. साठी जवळ आली तरी हे असं होतं माझं.

तुमचं स्वयंपाकघर आठवतं. आम्ही दोघी जमिनीवर बसून वाल सोलतोय, तुम्ही ओट्याशी, आणि आमचा सा चाललाय. मध्येच तुम्ही मागे न वळता म्हणता, "तू फार लवकर तोंड उघडतेस. तिच्याकडे बघ, ती आधी ऐकते." सोललेला वाल माझ्या बोटांतून निसटून ओट्याखाली गेला होता. पुढे एका गुरुपौर्णिमेला तुम्ही तुमची चिजांची वही तिला दिलीत आणि मला खण दिलात. मी विचारलं तेव्हा म्हणालात, "तुला सगळं पाठ आहे, तुला वही कशाला?" तो खण मी कधी शिवला नाही.

मंगळवारी तालीम झाली. साउंड बघणारे गृहस्थ जवळ येऊन म्हणाले, "मॅडम, तुमच्या कानात काय देऊ? दोघींचे आवाज सारखे ठेवू?" मी म्हटलं, "त्यांचा मोठा ठेवा. माझा थोडा पुरे." त्यांना वाटलं असेल, किती नम्र बाई आहे. मला तिची चूक पकडायची होती. गाणं सुरू झालं आणि ती माझ्या डोक्याच्या आत गायला लागली. तिचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. वरच्या सा ला ती पोचत नाहीये, बाई. केसभर खाली राहते, मग ढकलते, आणि ढकलताना आवाज थरथरतो. वाद्यांच्या गर्दीत हॉलमध्ये कुणाला कळलं नसतं. मला कळलं, आणि मला बरं वाटलं. तुमच्याशी खोटं कशाला बोलू? चांगली दोन कडवी होईपर्यंत मला बरं वाटत होतं.

मग मधलं संगीत चालू असताना ती कोमट पाणी प्यायली. थर्मासचं झाकण तिने पुन्हा भरलं, तेही संपवलं. गाणं संपल्यावर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "ठीक झालं ना गं? खरं सांग." मी म्हटलं, "छान झालं." तिने माझा हात दाबला आणि गेली.

रविवारी ती तुमच्या फोटोपुढे तशीच गाईल, आणि कार्यक्रमाला तुमच्या जुन्या ओळखीची, कान असलेली चार माणसं तरी येतीलच. त्यांच्या चेहऱ्यांची कल्पना मी दोन दिवस करून पाहिली. पहिल्या दिवशी मजा वाटली, दुसऱ्या दिवशी जेवण गेलं नाही. आज दुपारी तिला फोन केला. म्हटलं, "काळी चार नको, पट्टी उतरवू या. पांढरी पाचवर गाऊ."

"का गं? तुला चढत नाही का?"

"नाही चढत. वय झालं आता."

"अगं मग मंगळवारीच सांगायचंस ना," ती म्हणाली. आवाजात सुटल्यासारखं काहीतरी होतं. "तुझ्यासाठी करू या की. मी कळवते सगळ्यांना."

म्हणजे आता सगळ्यांना हेच कळेल, की माझ्यासाठी पट्टी उतरवली. कळू दे. हे पत्र टाकायला पत्ता नाही, आणि असता तरी मी टाकलं नसतं. पण बाई, फोन ठेवल्यावर मी दार लावून तानपुऱ्याचं मशीन काळी चारवर लावलं आणि वरचा सा लावून पाहिला. स्वच्छ लागला. तेवढं तुम्हाला माहीत असावं, म्हणून हे सगळं लिहिलं.