आधी डोळा, मग हात

मी, ऑगस्टा क्लिंगर, पडद्यावरची गसी, वय सदुसष्ट, राहणार एडनडेल, लॉस एंजेलिस, माझ्यामागे माझ्या चीजवस्तूंचं काय करायचं ते या कागदावर लिहून ठेवते. डावा कान गेला आहे, गुडघे गेले आहेत, दात विकतचे आहेत. डोकं मात्र जागेवर आहे. मला कोणी धाक घातलेला नाही की भुलवलेलं नाही. रागात लिहिते आहे, हे खरं. वकील श्री. लुंडक्विस्ट म्हणाले, "बाई, राग शांत झाला की मग करू." मी म्हटलं, "तितकं आयुष्य नाही हो माझ्याकडे." यापूर्वीची मृत्युपत्रं रद्द समजावीत.

कलम १. माझ्या अंत्यविधीला फुलं नकोत. पाद्रीबुवांनी "हिने जगाला हसवलं" वगैरे बोलू नये. मी पडत होते आणि जग हसत होतं, एवढंच झालं. शवपेटी उचलणाऱ्यांना माझं खरं वजन आधी सांगावं. त्या बिचाऱ्यांची फसवणूक नको.

कलम २. मिलवॉकीची माझी बहीण विल्हेल्मिना हिने तिथल्या चर्चमध्ये सांगून ठेवलं आहे की मी कॅलिफोर्नियात मुलींना पियानो शिकवते. तिच्या दिवाणखान्यात माझा एकही फोटो नाही. ती उणीव भरून निघावी म्हणून माझे सगळे फोटो तिला द्यावेत: तोंडाला केक फासलेले, पाय आभाळाकडे गेलेले, कुत्रा मागून झोंबलेला, सगळे. चौकटीत बसवून पाठवावेत. खर्च माझ्या बचतीतून करावा. बचतीतलं उरलेलंही तिलाच द्यावं, कारण लहानपणी मला गोवर झाला तेव्हा तीच उशाशी बसली होती. हे मी विसरलेली नाही, हेही तिला कळवावं.

कलम ३. माझे मालक रुफस डॅगेट वारले, त्यामुळे त्यांना काहीच देता येत नाही, याचं मला दुःख आहे. अकरा वर्षं त्यांच्या कंपनीत राबले. चित्रपटाच्या सुरुवातीच्या पाटीवर माझं नाव कधी 'बायको' असायचं, कधी 'सासू', कधी 'घरमालकीण', एकदा तर नुसतं 'लठ्ठ बाई'. कुत्र्याचं मात्र खरं नाव असायचं. मी तक्रार केली तेव्हा मालक म्हणाले, "अगं, कुत्र्याला पत्रं येतात लोकांची."

कलम ४. लाटणी दोन आहेत. कागदाच्या लगद्याचं, ज्याने मी पडद्यावर नवऱ्याला बडवत असे, ते जुन्या चित्रपटांच्या त्या संस्थेला द्यावं, जिने या वसंतात मेजवानी ठेवली आणि मला स्वयंपाकघराच्या दाराजवळच्या टेबलावर बसवलं. लाकडी लाटणं माझ्यासोबत पेटीत ठेवावं. वर डॅगेट भेटण्याचा संभव आहे.

कलम ५. आता ऑर्व्हिल टिबेट्स. हा पडद्यावरचा माझा नवरा. खरी बायको त्याची कोणी नाही आणि मलाही नवरा नाही, पण बाजारात बायका मला अजून मिसेस टिबेट्स म्हणतात. आम्ही दोघांनी एकमेकांना दारांतून, जिन्यांवरून, चालत्या गाड्यांवरून लोटलं आहे. आमच्या धंद्यात एक नियम होता. कुठे लिहिलेला नव्हता, तरी हात-पाय शाबूत ठेवायचे असतील तो प्रत्येक जण पाळायचा: आधी डोळा, मग हात. मारणाऱ्याने मार खाणाऱ्याच्या डोळ्याला डोळा द्यायचा. तेवढ्यात तो मान फिरवतो, अंग सैल सोडतो आणि फटका वाऱ्यावर जातो. ऑर्व्हीने हा नियम मोडल्याचं मला एकदाच माहीत आहे.

बेकरीतला प्रसंग होता. मी भट्टीपुढे वाकलेली, मागून नवरा पाव काढायचं लांब लाकडी फावडं घेऊन येतो. तालमीत ठरलं होतं की मी वळून बघेन, मग तो मारेल. मालक त्याला बाजूला घेऊन काहीतरी म्हणाले. मला वाटलं, टोपीबद्दल असेल. कॅमेरा सुरू झाला, मी वळायच्या आतच फावडं डाव्या कानावर बसलं. मी भट्टीच्या दारावर आपटले, उठून बसले आणि कॅमेऱ्याकडे बघून रडले. मालक ओरडले, "फिरवत राहा, थांबू नका." तोच तो चेहरा. अजून लोक त्यावर लोळून हसतात.

मुक्या चित्रपटात कानाचं काय काम, असं कोणाला वाटेल. तेव्हा दिग्दर्शक कॅमेऱ्यामागून सतत ओरडून सांगायचा: आता वळ, आता पड. डाव्या बाजूचं मला काही ऐकू येईना. मी उशिरा पडू लागले. उशिरा पडणाऱ्या बाईला कोण हसतं? पुढे बोलपट आले आणि माझा निकालच लागला. ऑर्व्हीने त्या दिवशी मूग गिळले, ते अजून गिळलेलेच आहेत.

एवढं होऊनही मी गप्प राहिले असते. तो दर रविवारी येतो, माझा अक्रोडाचा केक खातो, कुंपणाला रंग देतो. पण त्या मेजवानीत त्यांनी तो प्रसंग दाखवला, ऑर्व्हीला चांदीचं तबक दिलं आणि कोणीतरी विचारलं की, मिस क्लिंगर यांनी असा चेहरा आणला कुठून? तबक छातीशी धरून हा म्हणाला, "तिला आधी सांगितलं असतं तर आला असता का?" सगळे उठून उभे राहून टाळ्या वाजवू लागले. माझ्या शेजारचा म्हातारा मला म्हणाला, "उठा ना बाई." मी उठले आणि घरी आले.

कलम ६. असं असूनही हे घर आणि ग्लेनडेलच्या दफनभूमीतली दुसरी जागा मी ऑर्व्हिल टिबेट्स यास देते. पहिली जागा माझी. कामाचे दिवस चांगले होते तेव्हा मी दोन्ही एकदम घेतल्या, कारण तो म्हणाला होता, "गसे, आयुष्यभर तुझ्यावर पडलो, शेवटी तुझ्या शेजारीच पडेन." आज तो एका गॅरेजवरच्या भाड्याच्या खोलीत राहतो आणि मेल्यावर त्याला कोण, कुठे पुरेल हे देवाला ठाऊक.

त्याला हे मिळालं नाही, तर घर आणि जागा विकून पैसे भटक्या कुत्र्यांच्या कोंडवाड्याला द्यावेत.

आता पुढचं नीट वाचावं. मृत्युपत्रावर दोन साक्षीदार लागतात. लुंडक्विस्टसाहेबांनी सांगितलं की, ज्याला वाटा आहे त्यानेच साक्ष घातली तर त्याचा वाटा जातो. त्याच्याखेरीज आणखी दोघांनी साक्ष घातली तरच वाचतो. हे ऐकल्यावर मी ठरवलं: एक साक्षीदार वकिलांच्या कचेरीतली मिस प्रॅट, दुसरा ऑर्व्ही. त्याच्यापुढे फक्त शेवटचं पान ठेवायचं. तो जन्मात कुठला कागद वाचून सही करत नाही, म्हणून तर गॅरेजवर राहतो.

वकील म्हणाले, "बाई, त्याला सांगणार नाही तुम्ही?"

मी म्हटलं, "सांगितलं तर तसा चेहरा येईल का?"

शेवटचं पान. आधीचं शेवटचं पान फाडून हे नव्याने, माझ्या हाताने लिहिते आहे. वकिलांनी कपाळाला हात लावला आहे, पण कागद माझा आहे.

ऑर्व्ही आज आला. वकील आणि मिस प्रॅट आधीच येऊन बसले होते. नेहमीसारखा माझ्या उजव्या बाजूला बसला. इतकी वर्षं तो उजवीकडेच बसतो, कधी चुकला नाही. केकचा तुकडा तोंडात घालून त्याने पेन उचललं आणि म्हणाला, "कुठे करू सही?"

मला बोट दाखवायचं होतं. हात उचललाही होता. पण मी डॅगेटची माणूस नव्हे.

"ऑर्व्ही, इकडे बघ," मी म्हटलं. "आधी वाच. सगळं. पहिल्या पानापासून."

"मिस प्रॅटचा चष्मा दे मग," तो म्हणाला.

ओठ हलवत त्याने सगळं वाचलं. केक तसाच राहिला. कलम पाच त्याने परत वाचलं. मी तयार होते, तो काय म्हणणार ते मला पाठ होतं: मालकांनी सांगितलं होतं, मी काय करणार.

तो म्हणाला, "मालकांनी सांगितलं होतं. पण फावडं माझ्या हातात होतं, गसे."

"आणि तबक?" मी विचारलं.

"ते विकून टाकलं दुसऱ्याच दिवशी. घरात ठेववेना."

मग त्याने चष्मा काढला, माझ्याकडे बघितलं, बराच वेळ, थेट डोळ्यांत, आणि सही केली.

"अरे गाढवा, आता घर गेलं तुझं," मी म्हटलं. "जागाही गेली. वाचलंस ना?"

"वाचलं की," तो म्हणाला, आणि चष्मा मिस प्रॅटला परत दिला.

मी माफ केलेलं नाही. हे स्पष्ट लिहून ठेवते, म्हणजे माझ्यामागे कोणी गोड बोलून ते खोटं ठरवायला नको. कान माझा गेला आहे आणि तो माझ्याबरोबरच जाईल.

यानंतर मी अंगणात जाऊन कुंपणावरून शेजारच्या मिसेस ओचोआंना हाक मारली. हात पुसून त्या लगेच आल्या. त्यांना या मृत्युपत्रात काही ठेवलेलं नाही, कारण जे द्यायचं ते मी कुंपणावरूनच देत असते. ऑर्व्हीखेरीज साक्षीदार आता दोन झाले. नव्या पानावर आम्ही सगळ्यांनी एकमेकांदेखत पुन्हा सह्या केल्या.

लिहून ठेवणार: ऑगस्टा क्लिंगर
एडनडेल, लॉस एंजेलिस. रविवार, १४ ऑक्टोबर १९५१.

साक्षीदार:
१. मिस हॅरिएट प्रॅट
२. ऑर्व्हिल टिबेट्स
३. सौ. रेफुजिओ ओचोआ