मापाचे दोरे

आई, तू मांजरपाट फाडायचीस तो आवाज मला अजून ऐकू येतो. कात्रीनं बारीकशी चीर, मग दोन्ही हातांनी ओढ, आणि टर्रकन सरळ रेघ. मी शेजारी कविता पाठ करत बसलेला. तू म्हणायचीस, "थांब, एवढं फाडू दे, मग पुढची ओळ म्हण."

इथे अमेरिकेत, ईडन प्रेरीत, नातीनं शाळेच्या प्रोजेक्टसाठी पांढरं सुती कापड आणलं. व्हिक्टोरिया राणीच्या काळी तिच्या वयाच्या मुली झग्याच्या आत रोज काय घालत, ते बाहुलीच्या मापात शिवून मांडायचं होतं: शेमीज म्हणजे आतला सैल सदरा, गुडघ्याखाली पोचणारी सैल विजार, वर दोन-तीन परकर. परकराच्या घेराला आडव्या घड्या टिपून ठेवत, मुलगी वाढली की एक उसवत. चित्र बघितलं आणि माझा हात सुईकडे गेला. तूही तसंच करायचीस, वाढत्या अंगाचं कापड आत दडवून ठेवायचीस. सून हसली, "बाबा, तुम्ही कधी बटण तरी लावलंय का?" नातीनं विचारलं, "आजोबा, हू टॉट यू?" मी म्हणालो, माझी आई शाळेत शिवण शिकवायची.

तुला तर लिहितासुद्धा येत नव्हतं. प्रत्येक मुलीचं माप एका दोऱ्यात, कमरेला एक गाठ, उंचीला दोन. खिळ्याला लटकणारा कुठला दोरा कुणाचा, ते फक्त तुलाच कळायचं. मला कवितांची वही शिवायची होती, दोरा मजबूत हवा होता. मी चार ओढून घेतले. त्यात मामलेदारांच्या मुलीचा होता. लग्न ठरलेलं, मुलगी मामाकडे गेलेली. उंदरांनी नेला असेल म्हणत तू सहा परकर अंदाजानं शिवलेस. सहाही कमरेत बसेनात. मामलेदारीणबाई आपल्या ओसरीवरून सगळ्यांदेखत म्हणाल्या, "डोळे गेले असतील तर काम सोडा." तू खाली बघून म्हणालीस, "चुकलं माझं, बाई." मी तुझ्यामागे गठुडं धरून उभा होतो. त्यानंतर तू प्रत्येक माप दोनदा घ्यायला लागलीस, आणि तरीही कापड फाडताना तुझा हात अडखळायचा. मी बघत होतो, आई. बोललो नाही.

तू गेलीस, पाठवायला आता पत्ता नाही, ही सबब सोयीची आहे. पत्ता होता तेव्हा मी तुला इथल्या थंडीबद्दल लिहायचो, शेजारीण वाचून दाखवायची. तुझ्या कामाची मला लाज वाटत नव्हती असं आजवर स्वतःलाही सांगत आलो. वाटायची. नातीनं तर माझी थाप सुंदर अक्षरात कार्डावर लिहून प्रोजेक्टला लावली. आज ती शाळेतून आली की खरं सांगायचं, पण त्याआधी तुला सांगावं म्हणून बसलो.

बेल वाजतेय. नातीकडे तर किल्ली असते. दारात तिची टीचर उभी आहे, टोपीवर बर्फ, आणि मागून नात म्हणतेय, "आजोबा, मिसना विचारायचंय, तुमची आई कुठल्या स्कूलमध्ये शिकवायची?"