सत्यमच्या नावाचं कवठ

छत्रपती संभाजीनगर,
सोमवार, २५ ऑगस्ट २०२५

ती. सौ. आवडाआत्या हिस,
तनुजाचा शि. सा. न. वि. वि.

गेल्या वर्षी आषाढात मी तुला लिहिलं होतं की टेकडीवरच्या स्मृतिवनात सत्यमच्या रक्षेवर लावलेलं कवठ उन्हाळ्यात पार वाळलं होतं, पण मृगाच्या पावसानं बुडातून पुन्हा फुटलं. आत्या, ते चुकीचं होतं. ते फुटलं नव्हतं. तेव्हा मी तीन महिने नागपूरला ट्रेनिंगला होते. परत आल्यावर अप्पाराव सरांनी जे सांगितलं, ते मी स्वतः पाहिल्यासारखं लिहून टाकलं. सत्यमचं झाड त्या मे महिन्यातच गेलं. आज तिथं उभं आहे ते दुसरं आहे, नर्सरीतून आणलेलं.

फोनवर हे सांगता आलं नसतं. तुमच्याकडं फोन कायम ओट्यावर, स्पीकर चालू, आणि तुझ्या थोरल्या जाऊबाई चंपामावशी शेजारी लसूण सोलत बसलेल्या. म्हणून लिहिते.

पोळ्याच्या दिवशी सगळे आपापल्या गावी जातात, टेकडीवर कुणी नसतं. लॅबला अर्धी सुट्टी होती, तर म्हटलं झाडांची आळी साफ करून येऊ. मागच्या उतारावर अप्पाराव सर आणि नर्सरीचा माणूस होते. त्यांनी एक वाळलेलं रोप उपटलं, त्याच उंचीचं ताजं रोप पिशवी फाडून बसवलं, आणि नावाची पत्र्याची पाटी पुसून नव्या काठीला अडकवली. पाटीवर कुणाच्या तरी आईचं नाव होतं.

सर दचकले नाहीत. तुला ते माहीत आहेत, शांत माणूस, निवृत्त मुख्याध्यापक. हे वन त्यांनीच उभं केलं. मला दगडावर बसवलं, बाटलीतलं पाणी दिलं आणि वर्गात समजावून सांगावं तसं सांगितलं की हे पहिल्यापासून असंच चालतं. लोक आपल्या माणसाची रक्षा विश्वासानं आणून देतात. ज्यांचं माणूस एकदा गेलंय, त्यांना ते दुसऱ्यांदा गेलं असं कोणत्या तोंडानं सांगायचं? मला क्षणभर ते पटलंसुद्धा. मग मी विचारलं की आमचा सत्यम? ते चष्मा पुसत बसले आणि म्हणाले की तो लावल्यापासून दुसऱ्याच उन्हाळ्यात गेला.

कशानं, हे विचारल्यावर जे कळलं त्याचा राग अजून उतरलेला नाही. त्या मे महिन्यात वन बघायला बाहेरचे पाहुणे येणार होते, कुठल्याशा पुरस्कारासाठी. टँकर मिळाले ते सगळे फाटकाजवळच्या झाडांना दिले. मागचा उतार पाहुण्यांना दिसत नाही. यंदाही तेच झालं. आणि रक्षेची झाडं सगळी मागच्या उतारावर आहेत.

या शहरात नळाला पाणी किती दिवसांनी येतं ते मला कळतं. टँकर पुरत नाही हेही कळतं. पण उतार वाळतोय हे आम्हाला माहीत असतं तर आम्ही घरचं पाणी कॅनमध्ये भरून नेलं असतं. तू तर देवगावहून एसटीत कळशी घेऊन आली असतीस. आम्हाला कुणी विचारलंच नाही. मेलेल्याच्या जागी हिरवं उभं केलं की पाणी कुठं गेलं हे कुणी विचारत नाही, आणि पुढच्या उन्हाळ्यात तोच उतार पुन्हा वाळतो. आमच्या लॅबमध्ये एकाची चिठ्ठी दुसऱ्याच्या रक्ताच्या नळीला लागली तर माणसाची नोकरी जाते. इथं त्याला मन राखणं म्हणतात.

मला सगळ्या घरांना सांगायचं आहे. पण पहिलं तुला. पैठणला गोदावरीत न सोडता रक्षा इथं टाकू, हे तुला मी पटवलं होतं, साऱ्या भावकीच्या विरोधात.

मामा त्याचे वडील, त्यांना सांगायचं की नाही ते तू ठरव. पूर्वीसारखा लोभ मागायचं तोंड नाही. थोडा बाजूला ठेवला असशील तर तेवढाच कळव.

तुझी,
तनुजा

देवगाव रंगारी,
शनिवार, ३० ऑगस्ट

चि. तनुजा हिस,
आत्याचे अ. उ. आ. आशीर्वाद सवयीनं लिहिले आहेत, ध्यानात ठेव.

उद्या महालक्ष्म्या बसायच्या, घरात मुखवटे पुसायचं चाललेलं, आणि तुझं पत्र आलं. न्हाणीत जाऊन वाचलं. बाहेर आले तर जाऊबाई विचारतात की डोळे का लाल, म्हटलं चुलीचा धूर. गॅसवर पुरण शिजत होतं.

तू लहानपणापासून अशीच. आईबाप वाळूजला कंपनीत, म्हणून तुला माझ्याकडं ठेवलं. अक्षरं मी शिकवली तुला, मांडीवर सत्यम आणि पुढं तू, पाटी घेऊन. तेव्हा शेजारणीची कोंबडी आपल्या अंगणात अंडं घालून गेली, तर तू ते अंडं हातात धरून साऱ्या गल्लीत ज्याच्या त्याच्या दारी विचारत फिरलीस. शेवटी पडून फुटलं. ना तिला मिळालं, ना आपल्याला. आता पुन्हा तेच करून राहिलीस.

तुझं ते आषाढातलं पत्र मी किती जणींना वाचून दाखवलं ठाऊक आहे का? जाऊबाई उठता-बसता म्हणायच्या की पैठणला नेलं असतं तर पोरगं मोकळं झालं असतं, हिनं नेऊन मुरमात पुरलं. तुझं पत्र आलं आणि त्यांचं तोंड बंद झालं. बुडातून फुटलं म्हणजे लेकरू तिथं सुखात आहे, असं त्याच बोलल्या, चार बायांत. मी त्या दिवशी कैक महिन्यांनी पोटभर जेवले. आता तू म्हणतेस ते फुटलंच नव्हतं.

कन्नडच्या रस्त्याला त्याची गाडी पडली तेव्हा लोकांनी येऊन सांगितलं. तेव्हाही मला कुणी विचारलं नाय की सांगू का नको. तूही नाय विचारलंस.

तर आता माझं ऐक. कुणाला काही सांगायचं नाय. त्या सरांचं म्हणणं मला लबाडीचं वाटत नाय. झाड दुसरं असेल, पण खड्डा तोच आहे ना? मग माती तीच, त्यात माझं लेकरू तेच. जे झाड उभं आहे ते त्याच्यातूनच वर आलंय. एवढं एक मला लिहून कळव की खड्डा तोच आहे, आणि हा विषय बंद कर.

तब्येतीला जप, रात्री जागत बसू नको. लोभ कमी झालाय, तुटला नाय.

आत्या

छत्रपती संभाजीनगर,
रविवार, ७ सप्टेंबर

ती. सौ. आत्यास,
तनुजाचा शि. सा. न. वि. वि.

तू एवढंच विचारलं होतंस की खड्डा तोच आहे ना. मला व्हय एवढं लिहून टाकता आलं असतं. चार दिवस लेखणी हातात धरून बसले. पण मागच्या खेपेस न पाहता लिहिलं त्याचं काय झालं, म्हणून आज टेकडीवर जाऊन विचारून आले. आत्या, खड्डा तो नाही.

मुनीबकडून कळलं. आपला रिक्षावाला मुनीब, जो दर रविवारी रिक्षात कॅन घालून टेकडीवरच्या झाडांना पाणी आणतो, त्यानं मागच्या सर्वपित्रीला तुला टेकडीवर सोडलं होतं. गेल्या वर्षी जूनमध्ये उतारावर पाणी अडवायला जेसीबीनं चर खणले, तेव्हा तो तिथं होता. मशीन आडवं येतं म्हणून सगळ्या पाट्या काढून एका घमेल्यात टाकल्या. चर झाल्यावर नवी रोपं ओळीत लावली, दोरी धरून, सरळ दिसावीत म्हणून. मग घमेल्यातून हाताला येईल ती पाटी आणि समोर येईल ते झाड. कवठाची पाटी कवठाला लावली, एवढं मात्र पाहिलं म्हणे. सत्यमचा खड्डा चरात गेला की मातीच्या बांधाखाली, हे आता कुणालाच सांगता येत नाही.

मुनीबच्या दादीच्या नावाचा कडुनिंबही तिथं आहे. तो हसत म्हणाला की सालभर मी दुसऱ्याच्याच बुढीला सलाम करतोय, तीही म्हणत असेल हा कोण पोट्टा. मग हसू थांबलं. मी चिडून विचारलं की इतके दिवस गप्प का बसलास, तर म्हणाला की मी बोललो असतो तर झाडाचं राहिलं असतं बाजूला आणि भलतंच निघालं असतं, तुला शहर माहीत नाही का. मला त्याचाही राग आला.

अप्पाराव सर परवा आपल्या घरी येऊन गेले. बाबांजवळ बसले, चहा घेतला, माझं कौतुक केलं, मुलगी फार हळवी आहे म्हणाले. लोकांचा विश्वास उडाला तर ते यायचे बंद होतील आणि लोक गेले की वन गेलं, एवढं तिला समजवा म्हणाले. बाबा त्यांना पायऱ्यांपर्यंत सोडायला गेले आणि वर येऊन मला म्हणाले की मोठ्या माणसाशी वाद घालू नये. मी वाद घातलाच नव्हता. मी आत भांडी घासत होते, आणि एक कप फोडला. मुद्दाम नाही. पण दुसरा फुटला असता तरी वाईट वाटलं नसतं.

सरांनी वन उभं केलं हे खरं आहे. उजाड मुरूम होता, तिथं आज मुंगूस दिसतं. ते पहाटे येऊन स्वतः कुदळ मारतात. म्हणून तर राग जास्त येतो. चोर असता तर सोपं गेलं असतं.

सर्वपित्रीला सगळी घरं आपापल्या झाडापुढं पान ठेवायला येतात. तू येशील, मामा येतील. खीर, वडे, भाजी घेऊन बायका येतील आणि भलत्याच झाडापुढं आपल्या माणसाला हाक मारतील. मी बाजूला उभी राहून ते बघू शकत नाही. आणि त्याहून मोठं म्हणजे, पुढचा मे येणारच आहे. त्यांना कळलं नाही तर ते पाणी आणणार नाहीत.

तू नको म्हणालीस. तुझा शब्द मी कधी मोडला नाही. तुझं उत्तर येईपर्यंत गप्प राहते. रागावून का होईना, लवकर लिही. लोभ मागत नाही, उत्तर मागते.

तुझी,
तनुजा

देवगाव रंगारी,
शुक्रवार, १२ सप्टेंबर

चि. तनुजास,
आत्याचा आशीर्वाद.

दोन दिवस पत्र कमरेला खोचून फिरले. काल रात्री तुझ्या मामांना वाचून दाखवलं. ऐकून ते उठून गोठ्यात गेले आणि बैलाचं दावं सोडून पुन्हा बांधत बसले, पुन्हा सोडून पुन्हा बांधत.

मी जाऊबाईला भीत होते ना, तर आज सकाळी मीच त्यांना सांगितलं. म्हटलं दुसऱ्याकडून कळून टोमणा खाण्यापरीस आपणच सांगावं. पहिल्यांदा मलाच धारेवर धरलं. मी म्हणतच होते, पैठण सोडून तुम्हाला टेकड्या सुचल्या, शिकल्या-सवरल्या पोरीच्या नादी लागलात, जे जे म्हणायचं ते सगळं म्हणाल्या. मी मान खाली घालून ऐकलं. मग पाटी घमेल्यात टाकली ते ऐकल्यावर त्यांच्या हातातलं सूप खाली आलं. म्हणाल्या, आमच्या पोराचं नाव घमेल्यात? कोण हाय तो मास्तर, त्याला मी बघते. तेव्हापासून एकच लावलंय, मास्तर दाखव. लुगडं काढून ठेवलंय यायचं. अप्पाराव सरांना माझ्यापासून भेव नाय, पण जाऊबाईंपासून आहे, एवढं तू त्यांना सांगून ठेवलं तरी चालेल.

तुझ्यावरचा राग गेलेला नाय. पण माझं लेकरू कुठं आहे ते मला ठाऊक नसावं आणि त्या माणसानं मन राखलं म्हणून मी त्याला नमस्कार करावा, हे मला जमायचं नाय. सांग सगळ्यांना.

फक्त माझ्यावर जसं एकदम टाकलंस तसं टाकू नको. म्हातारी माणसं असतील, एखादी नवीन विधवा असेल. खाली बसव, पाणी दे, हात धर, मग सांग. आधी नाव विचार त्यांच्या माणसाचं. आणि झाडं मेली एवढ्यावर सोडू नको, पाणी कुठं गेलं तेही सांग, नाहीतर बाया रडतील आणि घरी जातील.

ते दुसरं कवठ आहे त्याला काय दोष. त्याचं आळं कोरडं पडू देऊ नको.

लोभाचं नंतर बघू.

आत्या

छत्रपती संभाजीनगर,
मंगळवार, १६ सप्टेंबर

ती. सौ. आत्यास,
तनुजाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं. वाचून मी पहिल्यांदा रडले, मग चंपामावशींच्या सुपावर हसले, मग पुन्हा रडले. आई म्हणाली, एक काहीतरी कर.

पाठीमागून केलं असं होऊ नये म्हणून काल सरांकडं जाऊन, सर्वपित्रीला मी सगळ्या घरांना खरं सांगणार, हे त्यांना कळवलं. म्हटलं, तुम्हीच सांगा, मी शेजारी उभी राहते. खूप विनवलं. म्हटलं, लोक तुमचं ऐकतील, पुढच्या उन्हाळ्यात उताराला घराघरातून पाणी येईल. ते ऐकत होते असं मला वाटलं. मग म्हणाले की ज्या वनात भांडण होणार ते त्या दिवशी बंद राहील, फाटकाची किल्ली माझ्याकडं आहे. इतक्या वर्षांत ते माझ्याशी पहिल्यांदा आवाज चढवून बोलले. मीही बोलले. मी त्यांना काय बोलले ते तुला लिहीत नाही, तू शिकवलेलं नव्हतं. पण त्यातलं काही मागं घेणार नाही.

बाबा माझ्याशी बोलत नाहीत. वन सांभाळणाऱ्या मंडळाच्या ग्रुपमधून मला काढलं आहे. मला भीती वाटते, आत्या, खोटं कशाला सांगू. रात्री मनात तेच घोळतं. एखादी म्हातारी ऐकून तिथंच कोसळली तर, कुणी माझ्यावर हात उचलला तर, किंवा सगळे म्हणाले की जाऊ दे, आम्हाला नको सांगू, तर. या शेवटच्याला माझ्याजवळ उत्तर नाही. तरी विचारलं पाहिजे.

फाटक बंद असलं तरी रस्ता बंद नाही. बाहेर लिंबाच्या सावलीत सतरंजी टाकीन. मुनीब रिक्षात पाण्याचे जार आणणार आहे. तो म्हणाला की दादीचं मी माझ्या तोंडानं सांगतो, पुढं जे निघायचं ते निघू दे. ज्यांना सांगेन त्यांच्याकडून एकच मागेन, की उन्हाळ्यात मागच्या उताराला पाणी द्यायची पाळी घ्या, झाड आपलं असो की कुणाचंही. तू सांगितलंस तसंच करीन. बसवीन, पाणी देईन, आधी नाव विचारीन.

तू, मामा आणि चंपामावशी पहिल्या एसटीनं निघा. पान घेऊन या, कुठं ठेवायचं ते तिथं आल्यावर तूच ठरव. लोभ उरला असेल तर तो घेऊन ये, नसला उरला तरी ये. सर्वपित्रीच्या सकाळी सहापासून मी फाटकाबाहेर असेन, रविवारी, एकवीस सप्टेंबरला.

तनुजा